देहाची साक्ष

मराठींत ‘ओळख’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. अमक्याची आणि माझी ओळख आहे असें आपण म्हणतों, तेव्हां त्यांत दोन माणसें गृहीत धरलेलीं असतात आणि दोघांनाही एकमेकांविषयीं कांहीं ठाऊक असतें. ओळख होते, वाढते, बुजते, पुष्कळ दिवसांनीं पुन्हां पटते. एकानें दुसऱ्यास पुरतें जाणावें आणि दुसऱ्यास पहिल्याचें नांवही माहीत नसावें, या स्थितीला आपण ओळख म्हणत नाहीं. तिला पाळत म्हणतों. परंतु गेल्या दीडशें वर्षांत याच शब्दाला एक दुसरा अर्थ चिकटला आहे. कचेरींत, बँकेंत, धान्याच्या दुकानांत, विमानतळावर माणसाला आपली ‘ओळख पटवावी’ लागते, आणि ती पटवून घेणारा कोण, हें विचारण्याची तेथें सोय नसते. बोटांचे ठसे, डोळ्यांतील बुबुळाची घडण, चेहऱ्याचीं मापें आणि अलीकडे त्वचेखालीं बसवावयाचे बारीक यांत्रिक तुकडे हीं सर्व या दुसऱ्या अर्थाचीं साधनें होत. त्यांच्या नीतीचा विचार करतांना बहुतेक लेखक शास्त्र विरुद्ध स्वातंत्र्य असा सोपा सामना लावून देतात. मला तो सामना खोटा वाटतो. देहावरून माणूस ओळखण्यांत स्वतः पाप कांहींच नाहीं. आईही मुलाला देहावरूनच ओळखते. खरा प्रश्न असा कीं, देह आणि नोंद यांचा मेळ बसेनासा झाला म्हणजे खोटें कोणास धरावयाचें, आणि तसें ठरविणाऱ्याला जाब विचारण्याची सत्ता कोणापाशीं असावी?

प्रथम ओळख पटवूं पाहणाऱ्या पक्षाची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण ती हलकी नाहीं. पानिपतावर १७६१ सालीं सदाशिवरावभाऊ पडले आणि पुढें कांहीं वर्षांनीं ‘मीच भाऊसाहेब’ असें सांगणारा एक मनुष्य उभा राहिला. त्याच्या पाठीशीं माणसें जमलीं, कोंकणांतील कित्येक ठाणीं त्याच्या हातीं गेलीं, आणि १७७६ सालीं पुण्यास त्याला देहान्त शासन झालें तेव्हां कोठें तें प्रकरण शमलें. केळकरांच्या नाटकामुळें ‘तोतयाचें बंड’ आपल्या परिचयाचें आहे. पण तोतया नेहमीं पेशव्यांच्या घरचाच म्हणवितो असें नाहीं. विधवेचें पेन्शन परस्पर उचलणारा दीर, मेलेल्या मजुरांच्या नांवें हजेरी मांडणारा मुकादम, भलत्याच मनुष्यास उभा करून दुसऱ्याच्या जमिनीचें खरेदीखत नोंदविणारा दलाल हे सर्व तोतयांचेच पाठीराखे होत, आणि त्यांचा भार नेहमीं दुबळ्यावर पडतो. हा मनुष्य तोच आहे असें खात्रीनें सांगतां येणें ही केवळ सरकारची गरज नव्हे. ती दुबळ्याचीही गरज आहे.

पूर्वीं ही खात्री गांव देत असे. जुन्या वतनी कागदांच्या शेवटीं लिहितां न येणारा पाटील सहीच्या जागीं नांगराची निशाणी करी, आणि महजरावर गोताची साक्ष पडे. नांगर ही कांहीं देहाची खूण नव्हे. हा मनुष्य गांवांत कोण आहे, हें ती सांगे. या व्यवस्थेविषयीं हळवें होण्याची आपल्याकडे फार संवय आहे. ‘तेव्हां सगळे सगळ्यांना ओळखत’ असें म्हणतांना आपण विसरतों कीं, सगळे सगळ्यांची जातही ओळखत. आणि ज्याच्या वांट्याला गांवकुसाबाहेरची ओळख आली होती त्याला ती पुसून टाकण्याचा बहुधा एकच मार्ग होता, तो म्हणजे मुंबईसारख्या शहरांत येऊन, निदान रस्त्यावर तरी, अनोळखी होणें. त्याच्या दृष्टीनें अनोळखी राहतां येणें हेंच स्वातंत्र्याचें पहिलें पाऊल होतें. या बाजूनें पाहिलें असतां, जातीचा उल्लेख नसलेला नुसता एक आंकडा गांवच्या ओळखीपेक्षां पुष्कळ सभ्य ठरतो. आपल्या आधार-कायद्यानें नोंदींत जात, धर्म, जमात यांची माहिती घेण्यास मनाई केली आहे. ही त्या कायद्याची चांगली बाजू आहे आणि त्याच्या विरोधकांनीं ती मोकळ्या मनानें मान्य करावी.

बोटांच्या ठशांचा राजकीय जन्म मात्र अशा सभ्य हेतूनें झालेला नाहीं. १८५८ सालीं बंगालमध्यें जंगीपूर येथें विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्यानें राज्यधर कोनाई नांवाच्या मक्तेदाराशीं सडकेचें सामान पुरविण्याचा करार केला आणि कागदावर त्याच्या सबंध पंजाचा छाप उठवून घेतला. हेतु एवढाच कीं, ‘ही सही माझी नव्हे’ असें म्हणण्याची पुढें त्याची छाती होऊं नये. १८७७ मध्यें हुगळीस असतांना हर्शेलनें तीच रीत पेन्शनदार, कैदी आणि दस्तऐवजांची नोंदणी यांस लागू केली. शतकाच्या अखेरीस एडवर्ड हेन्रीच्या हाताखालील अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अंमलदारांनीं ठशांच्या वर्गीकरणाची पद्धति बसविण्यास मोठा हातभार लावला आणि १८९७ सालीं कलकत्त्यास ठशांचें दफ्तर उघडलें. पद्धतीला नांव मात्र हेन्रीचें पडलें. लाखों माणसांतून एक माणूस हुडकून काढण्याची युक्ति ज्यांनीं सिद्ध केली त्यांनाच जगानें ओळखूं नये, हा या विद्येच्या इतिहासांतील पहिला विनोद होय.

या सर्व खटाटोपाच्या मुळाशीं एक गृहीत गोष्ट होती: समोरचा मनुष्य खोटें बोलणार. व्यापाऱ्याला गिऱ्हाइकाविषयीं असा संशय येतो तेव्हां गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानीं जातें. राज्यकर्त्याला प्रजेविषयीं तो आला म्हणजे प्रजेला दुसरें दुकान नसतें. १८७१ च्या कायद्यानें कांहीं जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या, आणि १९११ च्या सुधारलेल्या कायद्यानें त्यांतील नोंदलेल्या माणसांचे ठसे केव्हांही घेण्याचा अधिकार जिल्हा मॅजिस्ट्रेटला मिळाला. सोलापुरांत एका वस्तीला ‘सेटलमेंट’ हें नांव चिकटलें तें त्याच काळाचें. तो कायदा १९५२ सालीं गेला. ज्यांचे ठसे घेतले होते त्यांच्याकडे पाहण्याची गांवची नजर तितक्या लौकर गेली नाहीं.

हेन्रीसाहेबांस १९०० सालीं दक्षिण आफ्रिकेंत पोलिसांची व्यवस्था लावण्यास धाडण्यांत आलें होतें, आणि थोड्याच वर्षांत बंगालची ही विद्या ट्रान्सवालमधील हिंदी लोकांच्या दारीं येऊन उभी राहिली. १९०६ च्या वटहुकमान्वयें आठ वर्षांवरील प्रत्येक हिंदी मनुष्यानें आपलें नांव नोंदवावें, बोटांचे ठसे द्यावे, परवाना सदैव जवळ बाळगावा आणि पोलीस मागेल तेथें दाखवावा, असें ठरलें. ११ सप्टेंबर १९०६ रोजीं जोहान्सबर्गच्या एम्पायर नाट्यगृहांत जमलेल्या लोकांनीं हा हुकूम न मानण्याची शपथ घेतली. सत्याग्रहाचा आरंभ येथून धरतात. म्हणजे ज्या चळवळीनें पुढें आपल्या देशाचा इतिहास घडविला तिचें पहिलें कारण मीठ नव्हतें, कर नव्हता, बोटांचे ठसे होते. या गोष्टीकडे आपण पुरेसें लक्ष दिलेलें नाहीं.

पुढचा भाग अधिक विचार करण्यासारखा आहे. १९०८ च्या जानेवारींत तुरुंगांत असतांना गांधींनीं जनरल स्मट्स यांच्याशीं तडजोड केली. ती अशी कीं, हिंदी लोकांनीं आपण होऊन नोंदणी करावी. आणि तसें झाल्यावर कायदा रद्द होईल, अशी गांधींची समजूत होती. सभेंत एका पठाणानें विचारलें कीं, दहा बोटांचे ठसे फक्त गुन्हेगारांचे घेतात असें तुम्हींच आम्हांस शिकविलेंत, मग आतां तें आम्हीं कसें करावें? गांधींचें उत्तर असें कीं, काल सक्तीनें जें देणें अपमानाचें होतें तेंच आज स्वेच्छेनें देणें सभ्यपणाचें आहे. १० फेब्रुवारी रोजीं नोंदणीस निघालेल्या गांधींवर मीर आलम आणि त्याचे सोबती यांनीं लाठ्या चालविल्या. जखमी स्थितींतही त्यांनीं हट्ट धरला तो एवढाच कीं, कागद येथें आणा आणि माझे ठसे अगोदर घ्या. परंतु कायदा रद्द झाला नाहीं. १६ ऑगस्ट १९०८ रोजीं जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारांत दोन हजारांवर परवाने कढईंत घालून जाळण्यांत आले.

सक्ति आणि स्वेच्छा यांत गांधींनीं केलेला भेद मला खरा वाटतो. पण तो पुरेसा वाटत नाहीं. मार खाणाऱ्याची नीति उच्च होती यांत शंका नाहीं, तथापि मारणाऱ्याच्या मनांतील शंकेंतही एक सत्य होतें. दिलेली संमति परत घेण्याचा मार्ग जेथें नाहीं तेथें ती संमति देतांना कितीही स्वेच्छेची असो, दुसऱ्या दिवशीं ती सक्तीच्याच तिजोरींत जमा होते. परवाना कागदाचा असल्यामुळें जाळतां आला. दहा बोटांचे ठसे नोंदणी-कचेरींतच राहिले, आणि बोटें तर जाळतां येत नाहींत.

देह नेहमीं सरकारच्याच बाजूचा साक्षीदार असतो असें मात्र कोणी समजूं नये. पूर्व बंगालमधील भावळच्या मेजकुमाराचा खटला हें याचें उत्तम उदाहरण आहे. हा कुमार १९०९ सालीं दार्जिलिंगला मेला आणि त्याचें दहन झालें, अशी कागदोपत्रीं नोंद होती. बारा वर्षांनीं एक संन्यासी ढाक्यास आला आणि लोक त्याला कुमार म्हणूं लागले. सरकारी रेव्हिन्यू बोर्डानें १९२१ सालीं त्याला तोतया म्हणून जाहीर केलें. त्यानें दावा लावला. पायावरील व्रण, पायांच्या त्वचेचा एक विशेष, विम्याच्या वेळीं डॉक्टरनें टिपून ठेवलेल्या खुणा आणि शेंकडों साक्षीदार यांच्या बळावर ढाक्याचें न्यायालय, कलकत्त्याचें हायकोर्ट आणि शेवटीं १९४६ सालीं प्रिव्ही कौन्सिल यांनीं निकाल त्याच्याच बाजूनें दिला. नोंद म्हणत होती कीं हा मेला आहे. देह म्हणत होता कीं मी येथें उभा आहे. आणि देहाचें खरें ठरलें. आमच्या भाऊसाहेबांच्या तोतयाच्या हें अगदीं उलट झालें. पण दोन्हीं ठिकाणीं एक गोष्ट समान होती: देहाची साक्ष उघड्यावर तपासली गेली, तिच्यावर प्रश्न विचारतां आले, आणि निकाल देणारी माणसें नांवागांवाचीं होतीं.

आतां आपल्या काळाकडे येऊं. २९ सप्टेंबर २०१० रोजीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या आदिवासी गांवीं आधार-क्रमांकाच्या वाटपास आरंभ झाला. गांवाची निवड साभिप्राय होती. ज्याच्यापाशीं दाखवावयास कसलाच कागद नाहीं त्याला पहिली ओळख मिळावी, हा हेतु कोणासही पटण्यासारखा आहे. आज शंभर कोटींहून अधिक लोकांचे ठसे, बुबुळें आणि चेहरे एका मध्यवर्ती भांडारांत नोंदलेले आहेत. दुकानांतील यंत्रावर बोट टेंकलें म्हणजे भांडारांतून उत्तर येतें: जुळलें किंवा जुळलें नाहीं. ‘बहुधा तीच असावी’, ‘बाई आजारी दिसते’, ‘हिचा भाऊ माझ्या ओळखीचा आहे’ असलीं उत्तरें या भाषेंत नाहींत.

आणि बोट म्हणजे तरी काय? ऊंस तोडणाऱ्याचें, खडी फोडणाऱ्याचें, जन्मभर राखेनें भांडीं घासणारीचें बोट डोळ्यांसमोर आणावें. ज्या रेघांवर हा सारा डोलारा उभा आहे त्या कामानें झिजतात, भेगाळतात, वयानें बुजतात. लेखणी धरणाऱ्याच्या बोटाला हें भय फारसें नाहीं. २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें या योजनेच्या मुख्य अधिकाऱ्यांनींच सांगितलें कीं, सरकारी सेवांच्या बाबतींत ओळख जुळण्याचें प्रमाण शेंकडा ८८ आहे. न जुळणें म्हणजे लाभ नाकारणें नव्हे, अशा वेळीं दुसरी तजवीज ठेवलेली आहे, असेंही त्यांनीं सांगितलें. आणि तजवीज कागदावर आहेच. परंतु दुकानाच्या पायरीवर काय घडतें? दुकानदार म्हातारीला वीस वर्षें ओळखतो, म्हातारी दुकानदाराला ओळखते, आणि यंत्र म्हणतें कीं ही ती नव्हे. दोघेही क्षणभर खजील होतात. मग पदरानें बोट पुसून पुन्हां टेंकावयाचें, दुसरें बोट टेंकावयाचें, उद्यां या. येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, दुकानदाराच्या ओळखीवर सोडलें म्हणूनच तर धान्य काळ्या बाजारांत जात होतें. आक्षेप खरा आहे. पण मग लबाडी दुकानदाराची आणि शपथ म्हातारीची, असा हा न्याय झाला. तिच्यावर कोणीं चोरीचा आरोप केलेला नव्हता. तरी आपण आपणच आहों हें दर महिन्यास सिद्ध करण्याचा भार तिच्यावर पडला, आणि तें न जमल्यास उपाशी राहण्याचाही. हर्शेलच्या मनांतील संशय निदान कोनाईच्या हातांत मक्ता ठेवून मग पंजा मागत होता.

ठशांचें दुसरें वैगुण्य त्यांच्या खात्रीलायकपणांतूनच निघतें. कुलूप फुटलें तर नवें घेतां येतें. बोट बदलतां येत नाहीं. तेलंगणांत २०१८ सालीं उघडकीस आलेल्या एका प्रकरणांत जमिनीच्या दस्तऐवजांवरील अंगठ्यांचे ठसे उचलून त्यांच्या नकला बनविल्या होत्या. दस्त नोंदवितांना अंगठा घ्यावा ही हुगळीची रीत. सव्वाशेंहून अधिक वर्षांनीं त्याच दस्तांनीं तोतयाला अंगठा पुरविला! अशा चोरीविरुद्ध फिर्याद कोणीं करावी? २०१६ च्या मूळ आधार-कायद्यान्वयें न्यायालय दखल घेई ती फक्त प्राधिकरणाच्या तक्रारीवरून. ज्याचें बोट चोरलें त्याला न्यायालयाचें दार बंद, आणि ज्याच्या भांडाराविषयीं तक्रार असूं शकेल त्याच्याच हातीं किल्ली! २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें या कलमावर बोट ठेवलें आणि २०१९ च्या दुरुस्तीनें व्यक्तीलाही तक्रारीचा अधिकार मिळाला. याच दुरुस्तीनें, लहानपणीं ज्यांची नोंद झाली त्यांना सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांच्या आंत ती रद्द करून घेण्याची मुभा दिली. ट्रान्सवालमध्यें जो परतीचा रस्ता नव्हता तो येथें मुलांपुरता तरी उघडला. वडील माणसांनीं काय पाप केलें आहे, हें मला समजलेलें नाहीं.

या विषयावर बोलूं लागलें कीं कोणीतरी हटकून म्हणतो, ‘ज्याला लपवावयाचें कांहीं नाहीं त्यानें भिण्याचें कारण काय?’ स्नानास गेलेला मनुष्य आंतून कडी घालतो, ती चोरी करावयाची म्हणून नव्हे, एवढें उत्तर मला पुरेसें वाटतें. परंतु आपल्या भाषेंतील ‘खाजगी’ या शब्दाची कथा येथें सांगण्यासारखी आहे. ‘खासगी’ म्हणजे राज्यकर्त्याची खास स्वतःची दौलत. होळकरांच्या दौलतींत सरकारी आणि खासगी हे दोन हिशेब निराळे असत. खासगी असे ती सरदाराची आणि राजाची. कुळाला खासगी कसली? त्याच्या चुलीपर्यंत कामगाराची नजर पोंचे. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें असें ठरविलें कीं, खाजगीपणा हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. पूर्वीं जें राजवाड्याचें होतें तें त्या दिवशीं झोंपडीला मिळालें. पाश्चात्त्यांकडून आलेली ही चैन आहे असें म्हणणाऱ्यांनीं, ही चैन आपल्याकडे कोण कोण पिढ्यान् पिढ्या भोगीत आले, हें एकदां पाहावें.

देहाच्या आंत बसवावयाच्या तुकड्यांविषयीं आतां लिहितों. १९९८ सालीं इंग्लंडांतील रेडिंग विद्यापीठांतील केव्हिन वॉरिक या प्राध्यापकानें आपल्या दंडांत असा तुकडा बसवून घेतला आणि तो जवळ येतांच दारें उघडत, दिवे लागत. २००४ सालीं अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें रुग्णांची ओळख पटविण्यासाठीं अशा तुकड्यास परवानगी दिली. त्याच वर्षीं बार्सेलोना येथील एका रात्रींच्या क्लबानें आपल्या आवडत्या गिऱ्हाइकांच्या दंडांत तो बसवून मद्याचा हिशेब त्यावर ठेवला. स्वीडनमध्यें हजारों लोकांनीं तो हातांत बसवून घेतला आहे. तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा, कांचेच्या नळींत बंद केलेला असतो. त्यांत विजेचा सांठा नसतो; वाचणारें यंत्र अगदीं जवळ आणलें म्हणजे त्याच्या लहरींनीं तो जागा होतो आणि आपला आंकडा सांगतो. मनुष्य कोठें फिरतो हें तो दुरून सांगूं शकत नाहीं. तें काम आपल्या खिशांतील दूरध्वनि पुष्कळ अधिक इमानानें करतो, आणि तो आपण पैसे मोजून घेतों. त्वचेखालच्या तुकड्याच्या नांवानें अंगावर कांटा आणणाऱ्या पुष्कळ मंडळींची ही गंमत मला नेहमीं वाटते. खरें पाहतां, शरीरांत टोंचलेला हा तुकडा बोटापेक्षां कमी शरीराचा आहे. तो काढतां येतो, त्याच्या जागीं निराळ्या आंकड्याचा बसवितां येतो.

मग भय कोठें आहे? तें दाण्यांत नाहीं, दाणा मागणाऱ्याच्या स्थानांत आहे. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानानें २००६ सालींच कायदा केला कीं, कोणावरही असा तुकडा बसवून घेण्याची सक्ति करतां कामा नये. २०१७ सालीं त्याच संस्थानांतील एका कंपनींत पन्नासांच्या आसपास नोकरांनीं आपण होऊन तो हातांत टोंचून घेतला. सक्ति झाली नाहीं, कायदा मोडला नाहीं. पण जेथें धनी हंसत हंसत हात पुढें करतो तेथें नोकराच्या ‘हो’ची किंमत किती, हा प्रश्न कायद्याच्या कलमांत बसत नाहीं. पुढें अशा कचेरीचें दार या दाण्यानेंच उघडूं लागलें कीं ‘नको’ म्हणणारा मनुष्य कांहीं गुन्हेगार ठरत नाहीं; तो फक्त दाराबाहेर उभा राहतो.

याहून गंभीर गोष्ट त्या यंत्रांची आहे जीं ओळखीसाठीं नव्हे, जीव वांचविण्यासाठीं बसविलीं जातात. आपल्या राज्यघटनेच्या विसाव्या कलमान्वयें आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडतां येत नाहीं. १९६१ सालीं मुंबई राज्य विरुद्ध काथी काळू ओघड या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठानें ठरविलें कीं, बोटांचे ठसे देणें म्हणजे साक्ष देणें नव्हे. त्याचें मर्म असें कीं, साक्ष म्हणजे मनुष्याच्या ज्ञानांतून निघालेली गोष्ट. ठसा हा नुसता तुलनेसाठीं दिलेला आकार. त्या काळीं हा भेद निर्मळ होता. परंतु २०१६ सालीं अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत एका घराला आग लागली. घरमालकानें सांगितलें कीं, आपण घाईनें सामान भरून खिडकींतून बाहेर टाकलें. पोलिसांनीं वॉरंट घेऊन त्याच्या हृदयाला गति देणाऱ्या यंत्रांतील नोंदी मिळविल्या, आणि त्या त्याच्या सांगण्याशीं जुळत नाहींत असा दावा केला. २०१७ सालीं न्यायाधीशानें त्या नोंदी पुराव्यांत घेण्यास हरकत नाहीं असें ठरविलें. तो मनुष्य दोषी होता कीं निर्दोषी, हें येथें गौण आहे. बोटाचा ठसा मनुष्य कोण तें सांगतो. हृदयाची नोंद त्या रात्रीं तो धांवला कीं बसला, घाबरला कीं शांत होता, तें सांगते. ही तुलनेची वस्तु कीं साक्ष? मला ती साक्षच वाटते, आणि तीही अशा साक्षीदाराची, ज्याला गप्प राहण्याचा हक्क धन्यानें बजावूं म्हटलें तरी बजावतां येत नाहीं, कारण तो गप्प राहिला तर धनी मरतो. आपल्याकडे २०२२ च्या कायद्यानें अटक झालेल्या माणसांचीं बुबुळें, शारीरिक नमुने आणि वर्तनाच्या खुणाही नोंदवून त्या ७५ वर्षें ठेवण्याची तरतूद केली आहे. तेव्हां हा प्रश्न ओहायोचा म्हणून दूर ठेवण्यासारखा राहिलेला नाहीं.

त्याच्या उलट बाजूचेंही एक उदाहरण आहे. अमेरिकेंतील एका कंपनीनें अंधांसाठीं डोळ्याच्या पडद्यावर बसवावयाचें यंत्र तयार केलें. जगांत साडेतीनशेंच्या आसपास लोकांनीं तें बसवून घेतलें आणि त्यांना उजेड-अंधार, दाराची चौकट, माणसाची आकृति दिसूं लागली. पुढें कंपनीला तोटा झाला, तिनें तें काम सोडलें, आणि यंत्र बिघडल्यास दुरुस्त करणारें कोणी उरलें नाहीं. डोळा त्यांचा, पण त्यांतील दृष्टि कंपनीच्या हिशेबवहीवर अवलंबून. पहिल्या उदाहरणांत यंत्रानें नको तेथें तोंड उघडलें, दुसऱ्यांत हवें तेव्हां मिटलें. दोन्हीं वेळां ज्याच्या शरीरांत तें होतें त्याला कोणीं विचारलें नाहीं.

हृदयाला असें यंत्र बसविलेल्या रुग्णाला इस्पितळांतून निघतांना एक लहानसें कार्ड मिळतें. त्यावर यंत्राचा नमुना, त्याचा क्रमांक, बनविणाऱ्या कंपनीचें नांव, बसविल्याची तारीख आणि डॉक्टरचें नांव असतें. विमानतळावरील तपासणींत तें दाखवावयास उपयोगी पडतें, आणि आपल्याकडील पुष्कळ वडीलधारी मंडळी तें पाकिटांत देवाच्या तसबिरीशेजारीं जपून ठेवतात. यंत्रांत सांठणारी माहिती कोणाकोणाला वाचतां येते, कोणाच्या परवानगीनें, आणि कंपनी बंद पडली तर पुढें काय, याविषयीं त्यावर एक ओळ छापावयास जागा पुष्कळ आहे. ती ओळ काय असावी हें मात्र कंपनीला किंवा सरकारला एकट्यानें ठरवितां यावयाचें नाहीं. कार्ड ज्याच्या पाकिटांत आहे त्याला आधीं विचारावें लागेल.